आप्पांची पेटी आणि दीडशे आकडे

आमच्या बिदरच्या घरात, मधल्या खोलीतल्या फळीवर दोन वाद्यं शेजारीशेजारी ठेवलेली आहेत. एक आप्पांची पेटी आणि दुसरं माझं सिंथेसायझर. पेटी माझ्याहून वयानं मोठी. तिच्या भात्याला दोन ठिकाणी ठिगळं आहेत, मधल्या सप्तकातल्या पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत. तरी भाता हलवून पट्टी दाबली की ती बोलते. सिंथेसायझर तिच्यापुढं पोरच. पण त्याला बोलतं करायचं तर वायर शोधा, स्टॅबिलायझर लावा, स्पीकर जोडा, इतकं सगळं आलं. घरी आलेले पाहुणे त्याच्याकडं बोट दाखवून विचारतात, "हा कॅसिओ का?" आपल्याकडं विजेवरच्या सगळ्याच पेट्यांना कॅसिओ म्हणतात. मी "हो" म्हणून मोकळा होतो. "नाही" म्हटलं की बरंच सांगावं लागतं, आणि ते सांगणं आप्पांपाशी येऊन अडतं.

आज ते सांगायचं ठरवलं आहे.

मी भालकी तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मास्तर होतो. दिवसा फळा-खडू आणि रात्री ऑर्केस्ट्रा. गणपतीत मराठी भक्तिगीतं, लग्नात हिंदी, एक नोव्हेंबरच्या राज्योत्सवाला कानडी. औरादपासून आळंदपर्यंत आणि तिकडं उदगीर-निलंग्यापर्यंत टेम्पोतून हिंडायचो. एकाच रात्री तिन्ही भाषांतल्या फर्माइशी येत आणि त्या पुऱ्या करताना आपण भाषा बदलली हे ना गाणाऱ्याच्या लक्षात येई, ना ऐकणाऱ्याच्या. १९९२ साली मुंबईचा एक वादक आपलं जुनं सिंथेसायझर विकतो आहे असं कळलं. त्याला कोर्ग एम-१ घ्यायचं होतं. त्यात खऱ्या वाद्यांच्या आवाजांचे मुद्रित तुकडे तयारच भरलेले असत. पट्टी दाबली की पियानो, पट्टी दाबली की बासरी. मग जुन्या डीएक्स-७ ची डोकेदुखी कोण घेणार? ती मी घेतली. जवळजवळ वर्षभराचा पगार गेला. आप्पा एवढंच म्हणाले, "आता वाजव म्हंजे झालं."

यामाहाचं डीएक्स-७ बाजारात आलं १९८३ साली. एकसष्ट पट्ट्या, चौदा किलोच्या आसपास वजन आणि आत बत्तीस आवाजांची जागा. जगभर दीड लाखाहून जास्त नग खपले. त्याआधीच्या सिंथेसायझरांवर फिरवायच्या बटणांची रांगच असे. हे बटण फिरवलं की आवाज उघडतो, ते फिरवलं की मिटतो, हे हाताला समजायचं. डीएक्स-७ वर तसं काही नाही. प्लॅस्टिकच्या पापुद्र्याखाली सपाट बटणं, मूल्य कमी-जास्त करायची एक सरकपट्टी आणि सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळी मावतील एवढी खिडकी. त्या खिडकीतून एका वेळी एकच आकडा दिसतो. आणि एका आवाजामागं असे आकडे असतात दीडशेच्या आसपास. अख्खा गोलगुंबज कुलपाच्या भोकातून पाहायचा, असला प्रकार!

आत काय चालतं ते समजायला मला वर्ष लागलं. वाचकांना मी ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक गंमत आहे. १९६७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चौनिंग नावाचे संगीतकार संगणकावर सुराला आंदोलन देऊन पाहत होते. आपले गवई गंधारावर आंदोलन देतात, तसंच म्हणा ना. ते आंदोलन त्यांनी वाढवत नेलं. सेकंदाला पाच, दहा, वीस, शंभर! एका मर्यादेपलीकडं कानाला हलणारा सूर ऐकू येईना. त्याच्या जागी वेगळ्याच रंगाचा, स्थिर असा नवा आवाज ऐकू आला. पुढं यामाहानं ही युक्ती परवान्यावर घेतली आणि त्यातून डीएक्स-७ घडलं.

या यंत्रात प्रत्येक आवाजासाठी अगदी साध्या, बिनरंगाच्या सुरांचे सहा उगम असतात. त्यांतले काही आपल्याला ऐकू येतात, त्यांना कॅरियर म्हणतात. उरलेले मॉड्युलेटर. मॉड्युलेटर स्वतः कधीच ऐकू येत नाही. तो फक्त कॅरियरला हलवतो आणि त्याचा रंग बदलतो. दोघांच्या कंपनांचं प्रमाण एकास एक ठेवलं तर आवाज भरीव होतो, एकास दोन ठेवलं तर पोकळ, क्लॅरिनेटच्या अंगाचा. प्रमाण अपूर्णांकात गेलं की घंटा वाजू लागते. कोण कुणाला हलवणार याच्या बत्तीस मांडण्या यंत्रात बांधून दिलेल्या आहेत.

हे वाचताना मला आमच्या बोलीची आठवण झाली. पुण्याला गेलो की मी चांगली पुस्तकी मराठी बोलतो, वाक्यात एकही कानडी शब्द येऊ देत नाही. तरी दुसऱ्याच वाक्याला समोरचा विचारतो, "तुम्ही बिदर-गुलबर्ग्याकडचे का हो?" कानडी ऐकू येत नाही, पण आमच्या मराठीला तीच तर हलवत असते. माझी आई आळंद तालुक्यातली, माहेर कानडी. आम्ही तिला अव्वाच म्हणायचो. मराठी तिनं लग्नानंतर घरातच उचलली.

तर, या यंत्राची ओढ कशात होती ते आधी सांगतो. एका रात्री मी प्रमाणाचा आकडा सहज पुढं सरकवला आणि कानात घंटा वाजली. झरणी नरसिंहाच्या गुहेत छातीभर पाण्यातून चालताना आतून यावी तशी. घंटा मी विकत आणली नव्हती की कुणाकडून मुद्रित करून घेतली नव्हती. आकड्यांतून ती उपजली होती. मग ती विरायला किती वेळ लागावा, जोरात दाबली तर कशी झणकावी, हे ठरवत पहाट झाली. तयार आवाज वाजवणारा माणूस वादक असतो. मला त्या रात्री आपण वाद्य घडवणारे झालो असं वाटलं. ज्याला हे एकदा वाटलं, त्याची झोप गेली म्हणून समजा.

आपल्याकडं असं खोलात उतरणारे पूर्वीही होते. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी १९८२ साली तीन रोलँड यंत्रांवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवून एक ध्वनिमुद्रिका काढली. त्यांतलं टीबी-३०३ हे यंत्र खरं तर गिटारवाल्यांना बेसची साथ देण्यासाठी बनवलेलं. पण त्यात एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, आणि ती मींडेच्या कामाची आहे हे त्यांच्या कानानं हेरलं. त्या वेळी ध्वनिमुद्रिकेकडं फारसं कुणी वळून पाहिलं नाही. २०१० साली ती पुन्हा निघाली, तेव्हा परदेशातले लोक चकित झाले, आणि उतारवयात चरणजीत सिंगांना तिकडच्या मंचांवर बोलावणी आली. २०१५ साली ते गेले. यंत्रात खोल उतरावं ते असं, आपल्या रागाचं बोट धरून.

आता दुसरी बाजू. डीएक्स-७ मध्ये एक आकडा बदलला की काय होईल ते आधी सांगता येत नाही. सूर नुसता मोठा करायला जावं तर तो कर्कश होतो, कारण आपण चुकून मॉड्युलेटरला हात लावलेला असतो. आवाज कसा उठावा, कुठं स्थिरावा, कसा विरावा यासाठी प्रत्येक उगमाला आठ आकडे. सहा उगमांचे झाले अठ्ठेचाळीस. बहुतेक वादकांनी हा नाद सोडून कारखान्यातून भरून आलेले आवाजच वापरले. १९८० नंतरच्या कितीतरी इंग्रजी गाण्यांत एकच एक ई-पियानो ऐकू येतो तो त्यामुळं. तेव्हा मी त्यांना आळशी म्हणायचो. आता म्हणत नाही. त्यांना गाणी वाजवायची होती. मी मात्र रात्र रात्र बसूनही एक गाणं धड वाजवत नव्हतो. एकच सूर दाबायचा, आकडा हलवायचा, पुन्हा तोच सूर. घरच्यांना त्रास नको म्हणून कानांवर हेडफोन.

किल्लारीचा भूकंप झाला ते १९९३ साल. त्या दिवाळीनंतर आप्पांना अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, पाय परत आला. डावा हात मात्र गेला.

आप्पा दर गुरुवारी घरी भजनाला बसायचे. दत्ताचा वार. गाणगापूर आणि हुमनाबादचं माणिकनगर ही आमची दोन्ही दैवतं. माणिकप्रभूंची पदं मराठीत, कानडीत, हिंदीत, उर्दूत. आमच्या भागाला साजेसेच महाराज. गल्लीतले सात-आठजण यायचे आणि आप्पा पेटी धरायचे. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. आता भाता कोण मारणार? पेटी कापडाखाली झाकली गेली.

तेव्हा माझ्या मनात आलं, आपल्या यंत्राला भाता कुठं लागतो? एका हातानं वाजतं. आप्पांसाठी यातच पेटी घडवू! विचार चांगलाच होता, तो आजही मला चुकीचा वाटत नाही. मी पेटीवरचं कापड काढलं, एकेक पट्टी दाबून तासन्‌तास ऐकलं. प्रत्येक पट्टीला दोन सूर होते आणि ते तंतोतंत जुळलेले नव्हते. त्या इवल्या फरकानं आवाजात एक बारीक लाट उठायची. मी पाचवी मांडणी निवडली. तिच्यात कॅरियर-मॉड्युलेटरच्या तीन जोड्या. एक जोडी पहिल्या सुराला, दुसरी किंचित बेसूर करून दुसऱ्या सुराला, आणि तिसरी जोडी पट्टी उघडताना होणाऱ्या वाऱ्याच्या फुस्स आवाजाला. सगळे आकडे शाळेच्या जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर लिहीत गेलो.

पहिल्या महिन्यातच काम चालण्याजोगा आवाज झाला होता. आप्पांनी दारातून विचारलं, "झालं का रं?" मी म्हणालो, "आणखी आठ दिवस." पुढच्या गुरुवारी पुन्हा, "झालं का?" "खर्ज जरा पत्र्यासारखा वाजलालाय, तेवढं करतो." एकदा ते म्हणाले, "जसं हाय तसं दे की. म्या कुठं मैफलीला बसलालाव?" मी ऐकलं नाही. अर्धवट गोष्ट आप्पांच्या हाती देणं मला अपमान वाटत होता. त्यांचा की माझा, हे तेव्हा विचारलं नाही. नवव्या आकड्यात सुख लागत होतं, नव्वदाव्यात अडत होतं. असे पाच महिने गेले. मग त्यांनी विचारणं सोडलं. मला बरंच वाटलं, निवांतपणा मिळाला.

उन्हाळ्यातली गोष्ट. गुरुवारची संध्याकाळ. मी आतल्या खोलीत हेडफोन लावून बसलो होतो. वीज गेली. खिडकीतले आकडे विझले. पण कानात पेटी चालूच राहिली! अगदी ती. जी मी पाच महिने शोधत होतो ती. खर्ज भरीव, दोन सुरांमधली ती लाट, पट्टी उघडतानाचा वारा. क्षणभर वाटलं, यंत्र विजेशिवाय वाजतंय. मग हेडफोन काढले, तेव्हा ती आणखी मोठ्यानं ऐकू आली. मधल्या खोलीतून.

जाऊन पाहिलं. कंदील लावलेला. आप्पा पेटीपुढं बसलेले, उजवा हात पट्ट्यांवर. समोर अव्वा बसली होती. पेटीचा भाता मागच्या अंगाला असतो, म्हणजे समोर बसलेल्याच्या हाताशी येतो. ती भाता मारत होती. आप्पा पद म्हणत होते आणि त्यांचा श्वास जिथं तुटेल तिथं तिचा हात आपोआप हलका पडत होता. गल्लीतली चार माणसं टाळ घेऊन बसली होती. कुणालाच यात काही नवल वाटत नव्हतं.

पद संपल्यावर मी विचारलं, "हे कवापासून?"

"झाले की दोन महिने," आप्पा म्हणाले. "तुझ्या कानात ते व्हतं."

मी तिथंच उभा राहिलो. अव्वानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाली, "साकु, बिडु. ऊटा माड बा." पुरे, सोड ते, जेवायला ये.

त्या आठवड्यात मी आवाज जसा होता तसा साठवला. नावाला दहाच अक्षरं बसतात. रोमन लिपीत 'आप्पा' लिहिलं. पुढच्या गुरुवारी आप्पांपुढं डीएक्स-७ ठेवलं. ते हरखले. एका हातानं सगळी एकसष्ट पट्ट्यांची पेटी हिंडून आले. मग पद धरलं आणि दुसऱ्या ओळीवर थांबले. पुन्हा तीच पट्टी दाबली. "गंधार चढा हाय रं. जरा उतरव."

मी त्या खिडकीपुढं बसलो आणि माझ्या ध्यानात आलं की या दीडशे आकड्यांत त्यासाठी एकही आकडा नाही. सगळं सप्तक एकदम वर-खाली करता येतं, पण एकटा गंधार हलवता येत नाही. सप्तकाचे बारा सारखे भाग पाडून सूर लावलेले असतात. त्यात तंबोऱ्याशी मिळणाऱ्या गंधारापेक्षा हा गंधार किंचित चढा पडतो; दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यांतले चौदा भाग. आप्पांनी आपल्या पेटीतल्या गंधाराची पितळी पट्टी कधीकाळी बुडाशी ब्लेडनं खरवडून उतरवून घेतली होती. एका ब्लेडचं काम! १९८७ साली निघालेल्या पुढच्या डीएक्स-७ मध्ये वेगवेगळे सूर लावायची सोय होती, माझ्यात नव्हती. रंगाच्या बाबतीत हे यंत्र विहिरीइतकं खोल, आणि सुराच्या बाबतीत परातीइतकं उथळ. कुठलंही वाद्य सगळ्या बाजूंनी खोल नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. पेटीवर हाच आक्षेप घेऊन आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बाहेर ठेवलं होतं. आप्पा हसून म्हणायचे, "रेडिओला पेटी चालत नव्हती, देवाला चालते."

ते पुन्हा आपल्या पेटीकडं वळले. मग अव्वाच्या भात्यावर चार वर्षं गुरुवार चालले. १९९७ साली आप्पा गेले.

आप्पांनंतर डीएक्स-७ मी फारसं उघडलं नाही. त्याची आठवण आतल्या एका लहानशा बॅटरीवर टिकते, ती काही वर्षांनी बदलून घ्यावी लागते. मी घेतली नाही. २००३ साली सुरू केलं तर सगळे आवाज पुसलेले. घंटाही गेली, 'आप्पा'ही गेला. हजेरीपट तेवढा राहिला होता. पुढं बऱ्याच वर्षांनी हैदराबादला नोकरी करणाऱ्या मुलाच्या तो हाती लागला. डीएक्स-७ ची नक्कल करणारं 'डेक्स्ड' नावाचं सॉफ्टवेअर आता संगणकावर फुकट मिळतं. त्यात त्यानं पानावरचे आकडे एकेक करून भरले आणि फोनवरून मला ऐकवलं. हुबेहूब तोच आवाज. गंधारही तेवढाच चढा.

"बाबा, भारीच केलं होतं की तुम्ही," तो म्हणाला. माझी छाती भरून आली हे कबूल करतो. ते पाच महिने सगळेच वाया गेले असं मी म्हणणार नाही. त्या आकड्यांच्या निमित्तानं मी आप्पांची पेटी जितकी ऐकली तितकी आयुष्यात कधी ऐकली नव्हती. आज ती डोळे मिटून मनात वाजवू शकतो. हे देणं त्या यंत्राचंच. पण मुलानं विचारलं, "मीही असलं एखादं घेऊ का?" तेव्हा म्हणालो, "घे. खुशाल खोल जा. पण पहिल्या महिन्यात जे होईल ते ज्याच्यासाठी करतोयस त्याच्या हातात दे, आणि मग पुढचे आकडे हलव. आणि घरात कुणी गात असेल तेव्हा कानावरचं काढून ठेव."

अव्वालाही जाऊन आता बरीच वर्षं झाली. मुलाची मुलगी सुटीत बिदरला येते. सात वर्षांची आहे. तिला पेटी आवडते, पण एका हातानं भाता आणि दुसऱ्यानं पट्ट्या हे अजून जमत नाही. म्हणून मी समोर बसतो आणि भाता मारतो. तिच्या गाण्यात श्वास कुठं तुटेल याचा मला अजून अंदाज येत नाही. परवा ती मध्येच थांबली आणि रागावून म्हणाली, "आजोबा, लक्ष कुठंय तुमचं? सूर बंद पडला ना!"